उपग्रहाची साक्ष

अलोरे सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. शेजारी कोळकेवाडीचे धरण, खाली वाशिष्ठीचे खोरे. या मुलखाची चित्रे उपग्रह ठराविक दिवसांनी घेत असतात. भारतीय उपग्रहांकडून ती नियमित मिळू लागली १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए पासून.

यामागची रीत अवघड नाही. हिरवे पान सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परतवते. पाणी ते किरण गिळते. या फरकावरून रान, पाणी आणि उघडी जमीन वेगळी ओळखतात. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा रडार लागते. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला इस्रो-नासाचा 'निसार' ढगांतून पाहतो, जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही टिपू शकतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. अशा मुलखात ही विद्या आपल्याला हवीच आहे.

पण तिची मर्यादाही आपणच सांगितली पाहिजे. 'लिस-३' या कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे २३.५ मीटर लांबरुंद जमीन, सुमारे साडेपाच गुंठे. अर्ध्या गुंठ्यातले घर त्यात हरवते. आज याहून कितीतरी बारीक चित्रे मिळतात. त्यांत घर दिसते, पण त्यात किती पिढ्या नांदल्या ते दिसत नाही.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. कागदावर नाव नसणे म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह मात्र सुटला १९७२ साली. मग १९३० ची साक्ष तो कशी देणार?

म्हणूनच वनहक्क नियमांतील २०१२ ची दुरुस्ती सांगते, उपग्रह-चित्र इतर पुराव्याला पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही. वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही त्याच नियमांत पुरावा म्हणून मान्य आहे.

इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून सर्वांना खुले आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावचे चित्र काढावे, ते घेऊन वस्तीत जावे, म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि त्यांचे म्हणणे लिहून, सही-अंगठा घेऊन, ग्रामसभेपुढे ठेवावे.