कापलेल्या फांदीला मुळं सुचतात कशी?

मनीप्लांटची फांदी कापून पाण्यात ठेवली, की थोड्याच दिवसांत पेरातून पांढरं मूळ डोकावतं. माती नाही, खत नाही, कुणी शिकवलेलं नाही. मग फांदीला हे सुचतं कसं?

कोवळ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून सतत खाली वाहतं. फांदी कापली की त्याची वाट तुटते आणि ते कापाजवळ साचतं. मग तिथल्या काही पेशी ठरलेलं काम सोडून पुन्हा विभागू लागतात आणि मूळ घडवतात. मनीप्लांटच्या पेरात तर मुळांची तयारी आधीपासूनच असते, म्हणून काप पेराच्या खाली घ्यायचा. नुसत्या पानाच्या देठाला मुळं फुटतीलही, पण डोळा नसेल तर वेल पुढे सरकत नाही. उसाची टिपरी डोळा बघून लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

खानदेशच्या उन्हाळ्यात मात्र बाटलीकडे लक्ष हवं. फुटणाऱ्या मुळांना प्राणवायू लागतो आणि तापल्या पाण्यात तो कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 35 अंशांना जेमतेम 7. म्हणून बाटली सावलीत ठेवायची, पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं.

याहून नवल पुढेच आहे. मनीप्लांट आपणहून फुलल्याची शेवटची नोंद 1964 सालची आहे. जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारं एक जनुक त्याच्यात नीट चालत नाही, असं 2016 मध्ये संशोधकांना आढळलं. फूल नाही म्हणजे बीही नाही. घरोघरचे वेल हे कुणी ना कुणी कापून दिलेले तुकडे.

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीचीही हीच तऱ्हा. गुणसूत्रांचे तीन संच असल्यानं तिला बी धरत नाही. इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कंद लावत आला. घड उतरला की बुंध्याशी फुटलेल्या पिलावर पिलबाग धरत आला. पुढे जळगावातच जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळेत ग्रँड नैन या केळीच्या वाणाची रोपं उतिसंवर्धनानं होऊ लागली. कंदातला इवलासा शेंडा साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमावर वाढवतात. त्यात सायटोकायनिन जास्त असेल तर शेंडे फुटतात, ऑक्झिन जास्त असेल तर मुळं. हे गणित स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी 1957 मध्ये तंबाखूच्या पेशींवर मांडलं होतं. बाटलीतल्या फांदीत जे आपोआप घडतं, ते इथे मोजूनमापून घडवलं जातं.

दोघांची अडचणही सारखीच. पाण्यात वाढलेल्या मुळांवर मूलरोम कमी असतात, म्हणून कुंडीत लावल्यावर पहिले काही दिवस माती ओलसर ठेवावी लागते. प्रयोगशाळेतल्या रोपालाही थेट उन्हात लावत नाहीत. आधी हरितगृह, मग शेडनेट, मग शेत.

आणि धोकाही एकच. तुकडा म्हणजे मूळचंच झाड, गुणांसकट आणि रोगांसकट. केळीवरचा हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, मातृरोपात असेल तर रोपांतही उतरतो. म्हणून प्रयोगशाळा आधी मातृरोपाची विषाणूचाचणी करतात. घरी चाचणी नाही, पण डोळे आहेत: पानांवर चट्टे नाहीत, कीड नाही, शेंडा टवटवीत आहे, एवढं पाहूनच कात्री लावावी.