बायबलात कोणती पुस्तकं, हे कुणी ठरवलं?

एका बचत गटातल्या ताईंनी आम्हाला विचारलंय, "शेजारच्या कॅथलिक काकूंच्या बायबलात यूदीथ नावाच्या विधवेची गोष्ट आहे. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या बायबलात ती नाही. आमचं बायबल अपुरं आहे का?"

नाही ताई, अपुरं नाही. बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, पुस्तकांची पेटी आहे. नव्या करारातली 27 पुस्तकं तुमच्याकडे आणि काकूंकडे सारखीच आहेत. फरक जुन्या करारात. तुमच्याकडे 39, त्यांच्याकडे 46. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक जुना करार बहुतेक ग्रीक भाषेत वाचत, आणि त्यात यूदीथसारखी जादा पुस्तकं होती. यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात ती नाहीत. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरनं हिब्रू संग्रह प्रमाण मानला. ही पुस्तकं वाचायला चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, असं म्हणून त्यानं ती वेगळी काढली. कॅथलिक चर्चनं 1546 साली ट्रेंटच्या सभेत ती शास्त्रच आहेत असं जाहीर केलं.

मग 27 चा आकडा कुठून आला? राजानं सभा भरवून ठरवलं, असं पुष्कळजण सांगतात. तसं झालं नाही. येशूच्या शिष्यांनी यादी करून ठेवलेली नव्हती. पौलाची पत्रं एका गावची मंडळी वाचायची, नक्कल करून दुसऱ्या गावी पाठवायची. तशीच इतरही लिखाणं फिरत होती. त्यातलं कोणतं धरायचं हे पाहताना लोक विचारत, हे प्रेषितांकडून किंवा त्यांच्या सोबत्यांकडून आलंय का? आपल्याला मिळालेल्या विश्वासाशी जुळतं का? सगळीकडच्या मंडळ्या ते वाचतात का? काही पुस्तकांवर खूप वर्षं वाद चालला. प्रकटीकरणाबद्दल पूर्वेकडे शंका होती, इब्री लोकांच्या पत्राबद्दल पश्चिमेकडे. आज आहेत तीच 27 नावं असलेली पहिली यादी आपल्याला सापडते ती 367 सालच्या एका पत्रात. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी ईस्टरच्या निमित्तानं ते लिहिलं होतं.

आता जे बाहेर राहिलं त्यातली एक गोष्ट, आम्हाला फार आवडणारी. थेक्ला ही आजच्या तुर्कस्तानातल्या इकोनियम गावची मुलगी. लग्न ठरलेलं. खिडकीत बसून तिनं पौलाचं बोलणं ऐकलं आणि लग्नाला नकार दिला. तिला जाळायला निघाले तर पाऊस आला. श्वापदांपुढे टाकलं तर सिंहीणच तिच्या बाजूनं लढली. तिनं स्वतःच पाण्यात उडी घेऊन आपला बाप्तिस्मा केला, आणि पुढे शिकवत फिरली.

या गोष्टीचा आधार घेऊन काही बायका म्हणू लागल्या, आम्हालाही शिकवायचा आणि बाप्तिस्मा द्यायचा हक्क आहे. इसवी सन 200 च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुल्यननं त्यांना उत्तर दिलं. हे लिखाण पौलाच्या काळचं नाही, एका धर्मगुरूनं पौलावरच्या प्रेमापोटी ते रचलं, आणि तसं कबूल केल्यावर त्याला पद सोडावं लागलं, असं तो सांगतो. म्हणजे कसोटी पहिलीच, लिखाण प्रेषितांकडचं आहे का? ती खरी कसोटी होती हे आम्ही मान्य करतो. पण तर्तुल्यनला बायकांनी बाप्तिस्मा देणंच पसंत नव्हतं, हेही लपत नाही. बाईनं शिकवू नये असं सांगणारं तीमथ्याचं पहिलं पत्र आत राहिलं. आणि रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, हे सांगणारी चारही शुभवर्तमानंही आतच आहेत.

थेक्ला यादीत आली नाही, तरी विसरली गेली नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची बाई पश्चिमेकडून यात्रेला निघाली आणि सेलुकियाजवळच्या थेक्लाच्या स्थानी थांबली. तिथं प्रार्थना करून थेक्लाची सगळी कथा वाचली, असं तिनं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. ताई, काकूंकडून यूदीथची गोष्ट मागून आणा, आणि गटात वाचा.