गुन्हे वाढले म्हणजे नेमकं काय झालं?

गटाच्या बैठकीत हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं, "पिंपरी-चिंचवडचं आता काही खरं नाही, पोरीला तिकडं कामाला धाडायला नको." मोबाइलवर आलेल्या एका बातमीवरून मुलीची नोकरी सुटते. म्हणून आज आपण हा हिशेब नीट समजून घेऊ.

आधी माणसं मोजू. 2001 च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे 25 लाख लोक होते, 2011 ला 31 लाख झाले. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र 10 लाखांचे 17 लाख झाले. भोसरीचे कारखाने, हिंजवडीच्या कंपन्या आणि पुण्याच्या मानानं स्वस्त घरं, यामुळे माणसं तिकडं सरकली.

आता चोऱ्या मोजू. समजा, एका वाडीत 100 घरं होती आणि वर्षात 2 चोऱ्या झाल्या. पुढं घरं 400 झाली आणि चोऱ्या 4. चोऱ्या दुप्पट झाल्या हे खरं. पण आधी शंभर घरांमागं 2 होत होत्या, आता 1 होते. म्हणून आकडा ऐकला की विचारायचं, किती माणसांमागं?

दुसरी गोष्ट हद्दीची. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. पुणे शहराकडची काही ठाणी, तसंच ग्रामीण पोलिसांकडची चाकण, आळंदीसारखी ठाणी त्यात गेली. म्हणजे तिथले गुन्हे एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले. त्यानं चोर वाढला नाही की सुधारला नाही.

तिसरी गोष्ट तक्रारीची. बायका न घाबरता ठाण्यात जाऊ लागल्या, तरी आकडा वाढतो. ती वाढ चांगलीच म्हणायची.

आणि "बाहेरच्यांमुळं गुन्हे वाढले" असं म्हणताना जरा थांबू या. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून तिथं खोली करून राहिलेली आपलीच लेकरं तिथल्यांना बाहेरची वाटतात.

याचा अर्थ धोका नाही असं नव्हे. मुलीला कामाला धाडताना शहराचं नाव ऐकून ठरवू नका. पाळी किती वाजता सुटते, कंपनीची गाडी आहे का, खोलीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे विचारा. अडचणीत 112 लावायचा. गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं तक्रार नोंदवता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. "आमची हद्द नाही" हे उत्तर ऐकून मागं फिरायचं नाही.