घरगुती संगीतनिर्मिती आणि ऑडिओ प्लग-इन फॉरमॅट : एक आकलन

प्रस्तावना

गाणे ध्वनिमुद्रित करून त्याची जुळणी करणे ही आता केवळ व्यावसायिक स्टुडिओची मक्तेदारी राहिलेली नाही. संगणक, ऑडिओ इंटरफेस, माइक आणि क्युबेस, लॉजिक किंवा रीपर यांसारखे एखादे सॉफ्टवेअर एवढ्या साधनांवर भावगीतापासून लघुपटाच्या पार्श्वसंगीतापर्यंतचे काम घरी होऊ शकते. या मुख्य सॉफ्टवेअरला ‘होस्ट’ म्हणतात. त्यात बाहेरून जोडली जाणारी वाद्ये, रिव्हर्ब, इक्वलायझर इत्यादी लहान प्रोग्रॅम म्हणजे ‘प्लग-इन’ होत. प्लग-इन घेताना व्हीएसटी-३, एयू, एएएक्स अशी नावे समोर येतात व अनेक नवोदित कलावंत त्यांना एमपी-३ किंवा वेव्ह यांसारखेच फाइलप्रकार समजतात. वस्तुतः एमपी-३ हा ध्वनी साठविण्याचा प्रकार आहे, तर प्लग-इन फॉरमॅट हा दोन प्रोग्रॅममधील करार आहे. हा करार कोणाच्या मालकीचा आहे, यावर कलावंताचे आजचे काम उद्या उघडेल की नाही हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. सदर लेखात याच दृष्टीने फॉरमॅटचे विवेचन केले आहे.

कराराचे स्वरूप

होस्ट प्लग-इनला ध्वनी तुकड्यातुकड्यांनी पुरवितो. सेकंदास ४४,१०० नमुने हा दर व ५१२ नमुन्यांचा तुकडा धरल्यास एक तुकडा सुमारे ११.६ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या अवधीत साखळीतील सर्व प्लग-इनांनी आपापले गणित आटोपून तुकडा परत करावा लागतो. तसे न झाल्यास तडतड ऐकू येते. तुकडा कसा द्यावा, स्वर व बटणांतील बदल कसे कळवावेत, प्लग-इनने आपल्याला लागणारा विलंब होस्टला कसा सांगावा आणि काम जतन करताना त्यातील मांडणी कशी नोंदवावी, हे सर्व फॉरमॅट ठरवितो. ध्वनीवर प्रत्यक्ष संस्कार करणारे गणित मात्र फॉरमॅटच्या कक्षेबाहेरचे आहे. अनेक निर्माते ‘ज्यूस’सारख्या चौकटीच्या साहाय्याने एकाच मूळ संहितेतून सर्व फॉरमॅटच्या आवृत्त्या तयार करतात. त्यामुळे अमुक फॉरमॅटचा आवाज अधिक ‘भरदार’ असतो, हा वारंवार ऐकू येणारा दावा निराधार मानावयास हवा.

मालकी आणि आयुष्य

जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये क्युबेसबरोबर व्हीएसटी आणले. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्लग-इनला मिडी संदेश स्वीकारता येऊ लागले व संगणकातील वाद्यांचा मार्ग खुला झाला. व्हीएसटी-३ हे २००८ मध्ये आले, तरी निर्माते दीर्घकाळ दुसऱ्या आवृत्तीतच रमले. अखेरीस २०१८ मध्ये स्टाइनबर्गने त्या आवृत्तीचे विकाससाहित्य देणे थांबविले आणि २०२२ मध्ये आपल्या उत्पादनांतून तिचा आधार २४ महिन्यांत काढण्याची घोषणा केली. ज्यांचे निर्माते व्यवसायातून निघून गेले, अशी कितीतरी वाद्ये केवळ व्हीएसटी-२ मध्येच उरली आहेत. ती वापरून रचलेल्या गाण्यांचे भवितव्य त्यामुळे कलावंताच्या हाती राहत नाही.

ॲपलच्या संगणकांवर एयू म्हणजे ऑडिओ युनिट्स हा फॉरमॅट चालतो. लॉजिक व गॅरेजबँड बाहेरील प्लग-इन केवळ एयूमध्येच स्वीकारतात. प्रो टूल्ससाठी ॲव्हिड कंपनीचा एएएक्स लागतो. २०१३ च्या प्रो टूल्स ११ मध्ये पूर्वीचा आरटीएएस फॉरमॅट वगळण्यात आला. लिनक्सवर एलव्ही-२ प्रचलित आहे. २०२२ मध्ये यू-ही व बिटविग यांच्या पुढाकाराने आलेला क्लॅप हा फॉरमॅट प्रारंभापासून मुक्त परवान्याखाली आहे. व्हीएसटी-३ चे विकाससाहित्यही २०२५ मध्ये त्याच प्रकारच्या मुक्त परवान्याखाली देण्यात आले. आपला होस्ट कोणता फॉरमॅट स्वीकारतो, हे आधी पाहूनच प्लग-इन घ्यावे. येथे आवडीनिवडीला फारसा वाव नाही.

मींडेचा प्रश्न

भारतीय संगीत करणाऱ्यास मात्र फॉरमॅटचा एक भेद प्रत्यक्ष कानाला जाणवू शकतो. १९८३ च्या मिडी प्रणालीत स्वर वर-खाली ओढण्याचा संदेश संपूर्ण चॅनेलला लागू होतो. सतारीच्या प्लग-इनवर बाजाच्या तारेची मींड घेताना चिकारीही त्याच चॅनेलवर वाजत असेल, तर तीही सोबत ओढली जाते. खऱ्या सतारीत असे कधीच घडत नाही. चिकारी स्थिर राहते, म्हणूनच मींडेचा प्रवास कानाला मोजता येतो. पेटीसारख्या स्थिर स्वरांच्या वाद्यांत ही उणीव लपून जाते. तंतुवाद्यांत ती तत्काळ उघडी पडते. २०११ मध्ये व्हीएसटी ३.५ ने प्रत्येक स्वराला स्वतंत्र हालचाल देण्याची सोय केली, क्लॅपमध्येही ती आहे. याखेरीज एमपीई या मिडी-पद्धतीत प्रत्येक स्वर वेगळ्या चॅनेलवर पाठवून हेच साधले जाते. तथापि होस्ट व वाद्य या दोहोंनी ती सोय प्रत्यक्षात अमलात आणलेली असावी लागते. वेष्टनावर व्हीएसटी-३ लिहिलेले आहे एवढ्यावरून मींड स्वतंत्र मिळेलच असे नाही. खरेदीपूर्वी चाचणी-आवृत्तीत एक स्वर धरून ठेवून दुसरा ओढून पाहावा.

जतनाविषयी

प्लग-इन न सापडल्यास होस्ट प्रकल्प बहुधा उघडतो, पण त्या जागी शांतता उरते. फॉरमॅट बदलून तेच वाद्य पुन्हा लावले तरी जुनी मांडणी आपोआप परत येतेच असे नाही. म्हणून गाणे पूर्ण होताच प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून २४-बिट वेव्ह फाइलमध्ये उतरवावा. शक्य असल्यास एकदा प्रभावांसह व एकदा प्रभावांशिवाय. मिडी फाइल स्वतंत्र ठेवावी आणि सोबत प्लग-इनचे नाव, आवृत्ती, फॉरमॅट व गाण्याची लय साध्या मजकुरात लिहून ठेवावी. होस्ट पुढे बदलला तरी या वेव्ह फाइली एकाच आरंभरेषेवर लावून गाणे पुन्हा मिसळता येते.