साडेचारशे वॅटचा एसएमपीएस म्हणजे नेमके किती वॅट?

जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचं ठरलं की सगळी चर्चा कार्डाभोवती फिरते. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, विषय निघालाच तर दुकानदार विचारतो, “आत्ता किती वॅटचा आहे?” ग्राहक सांगतो, “साडेचारशे.” “मग चालून जाईल.” पुढे गेम सुरू केला की मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतं आणि दोष दिला जातो विंडोजला, ड्रायव्हरला नाहीतर नव्या कार्डाला.

डब्यावरचा मोठा आकडा म्हणजे एसएमपीएसची ताकद, हा यातला सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ‘450’ हा आकडा पुष्कळदा मॉडेलच्या नावाचा भाग असतो, एवढंच. खरी माहिती बाजूच्या स्टिकरवरच्या तक्त्यात असते. त्यात 3.3, 5 आणि 12 व्होल्टचे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर दिलेले असतात. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवरून घेतात, म्हणून त्या रकान्यातल्या अँपिअरना 12 ने गुणा. तिथे 16 असेल तर हाती येतात 192 वॅट, वर 450 छापलेलं असलं तरी. चांगल्या 450 वॅटच्या एसएमपीएसवर त्याच जागी 36-37 अँपिअर दिसतात. 12 व्होल्टचे दोन रकाने असतील तर अँपिअरची बेरीज करू नका, खाली दिलेले एकत्रित वॅट बघा.

जुने एसएमपीएस इथे कमी पडण्यामागे इतिहास आहे. 2000 साली पेंटियम 4 आला आणि त्याच्यासोबत प्रोसेसरसाठी 12 व्होल्टचा वेगळा चार पिनी प्लग आला. त्याआधीचे प्रोसेसर मुख्यतः 5 आणि 3.3 व्होल्टवर चालत. काही स्वस्त एसएमपीएसची रचना पुढेही त्याच काळातली राहिली, म्हणून त्यांचा 5 व्होल्टचा रकाना भरगच्च आणि 12 चा किरकोळ असतो.

याच्या उलट टोकाचा समज असा की नवं कार्ड म्हणजे 750 वॅट हवेतच. हिशोब करून बघा. तिसऱ्या पिढीचा आय5-3470 प्रोसेसर 77 वॅटचा, आरटीएक्स 3050 चं 8 जीबीचं कार्ड 130 वॅटचं. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे मिळून 50 धरले तरी बेरीज 257. कार्ड क्षणभर याहून जास्त वीज खेचतं, शिवाय ग्राहकाचा एसएमपीएस कसा असेल हे कार्ड बनवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून कंपनी 550 वॅट सुचवते. तक्ता पटण्यासारखा असेल तर 450 वर हे मशीन चालतं, 550 घेतला तर निर्धास्त राहाल. त्यापुढचे पैसे एसएसडीवर घाला.

मोठ्या एसएमपीएसने वीजबिल वाढतं, हेही खरं नाही. मशीनला 200 वॅट लागत असतील तर एसएमपीएस तेवढेच पुरवतो, फक्त रूपांतरात थोडी वीज उष्णतेत जाते. ‘80 प्लस’चा शिक्का या गळतीबद्दल सांगतो. 85 टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस त्या 200 वॅटसाठी भिंतीतून 235 वॅट घेतो, 90 टक्क्यांचा 222. रोज चार तास वापरलं तर वर्षाला सुमारे 19 युनिटचा फरक पडतो. निव्वळ एवढ्यासाठी ‘80 प्लस’चा वरचा गोल्ड दर्जा घ्यायची गरज नाही. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यास एसएमपीएस स्वतःला बंद करतो का, याची हमी मात्र तो शिक्का देत नाही.

“जुना अजून चालू आहे, मग बदलायचा कशाला?” हा प्रश्न रास्त आहे. पण आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरताना हळूहळू सुकत जातात. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि धुळीने पंखा जाम झाला की तापमान वाढतंच. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणं ही चाचणी पुरेशी नाही. एसएमपीएस सुरू होतो, इतकंच त्यातून कळतं. कार्डावर पूर्ण ताण असताना 12 ची लाइन 11.4 व्होल्टच्या खाली उतरता कामा नये, आणि ते मल्टिमीटरवरच दिसतं. एसएमपीएस उघडून मात्र बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो.

प्लग बसला म्हणजे जुळला, हा समज सगळ्यांत घातक. मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबल एकसारख्या दिसतात, पण प्रमाण ठरलेलं आहे ते डिस्क आणि कार्डाकडच्या टोकाचं. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर किती व्होल्ट द्यायचे, हे प्रत्येक कंपनी आपलं ठरवते. जुन्या एसएमपीएसची साटा केबल नव्याला लावली आणि 5 व्होल्टच्या पिनवर 12 आले, तर हार्डडिस्क त्याच क्षणी जाते आणि तिच्यातले फोटोही जातात. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही हा फरक असू शकतो. म्हणून एसएमपीएस बदलताना सगळ्या केबल बदला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या, कार्यालयांतून निघालेल्या मशीनबाबत आणखी सावध राहा. डेल ऑप्टिप्लेक्स 9020 च्या टॉवरमध्ये मदरबोर्डचा मुख्य प्लग 24 ऐवजी 8 पिनी आहे, लेनोव्होच्या काही थिंकसेंटरमध्ये तो 14 पिनी आहे. कन्व्हर्टर केबल मिळतात, पण छोट्या कॅबिनेटमध्ये नेहमीच्या मापाचा एसएमपीएस मावतच नाही. आधी झाकण उघडून प्लग आणि जागा बघा, मग कार्ड ठरवा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर एसएमपीएस खराब झाला असं म्हणतात. बहुतेक वेळा कारण भिंतीत असतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलला धातूच्या डब्याशी जोडतात. घरात अर्थिंग नसेल तर त्या डब्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे सुमारे 115 व्होल्ट दिसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण जाणवतो. नवा एसएमपीएस आणला तरी हे थांबणार नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बजेट तोकडं असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, एसएमपीएसमध्ये काटकसर करू नका. कमी ताकदीच्या कार्डावर गेमची सेटिंग थोडी उतरवून भागतं. खराब एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो. आणि दुकानात स्टिकरवर 12 व्होल्टचे अँपिअर छापलेलेच नसतील, तर तो एसएमपीएस कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा.