फॉरमॅट मारल्यावर उरतं काय?

‘सरळ फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला आपल्याकडे दोन पिढ्यांनी ऐकला आहे. व्हायरस आला, मशीन स्लो झालं, हार्ड डिस्क खरखर करू लागली की उपाय ठरलेला. डिस्क पुसायची किंवा बदलायची, विंडोज नव्याने टाकायची आणि कामाला लागायचं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा मागोवा घेताना जाणवतं ते हे, की मशीन बहुतेक वेळा पुन्हा उभं राहिलं, पण त्यावरचं काम पुष्कळदा कायमचं गेलं. ते वाचणार की जाणार, हे व्हायरस येण्याआधीच ठरलेलं असायचं.

पीसीवरचा पहिला मोठा व्हायरस म्हणजे 1986 सालचा ‘ब्रेन’. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला. तो 360 केबीच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि हार्ड डिस्कच्या वाटेला जात नसे. 6 मार्च 1992 ची तारीख धरून आलेल्या ‘मायकेलअँजेलो’ने मात्र थेट हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग खोडायला सुरुवात केली. याच दशकात पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरसने बिघडलेली मशीन येऊ लागली. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ती निस्तरण्यासाठी प्रोग्रॅम लिहिले. ‘क्विक हील’ उभं राहिलं ते त्यातूनच.

खरा हादरा बसला 26 एप्रिल 1999 रोजी. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ त्या दिवशी जगभर जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख तीच, म्हणून लोक त्याला ‘चेर्नोबिल’ म्हणू लागले. विंडोज 95 आणि 98 वर तो डिस्कचा पहिला एक एमबी भाग पुसायचा. शिवाय काही मदरबोर्डांवर बायॉसची चिपही निकामी करायचा. अशा मशीनचा पडदा काळाच राहायचा. मग चिप काढून नव्याने प्रोग्रॅम करून आणा, नाहीतर बोर्डच बदला. पण जाणकार कारागिराला एक गोष्ट माहीत होती : पुसला गेलाय तो फक्त सुरुवातीचा भाग. पार्टिशन टेबल पुन्हा बांधलं की डी ड्राइव्ह पुष्कळदा जसाच्या तसा परत मिळायचा. घाईने फॉरमॅट मारणाऱ्याच्या हातून तीही संधी जायची.

त्या काळातलं फॉरमॅट म्हणजे दिवसभराचं काम. कॅबिनेट उघडायचं, आयडीई केबल काढायची, नव्या डिस्कचा जंपर ‘मास्टर’वर आहे ना ते पाहायचं. बूट फ्लॉपीवरून एफडिस्क चालवून सी आणि डी पाडायचे, मग फॉरमॅट, मग सीडीवरून विंडोज, आणि पंचवीस अक्षरांची की. त्यानंतर साउंडचा, डिस्प्लेचा, मोडेमचा असे एकेक ड्रायव्हर. एवढं झालं की मराठी माणसाचं वेगळंच दुखणं सुरू व्हायचं. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉण्टांत टाइप केलेली फाइल उघडली, की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. फाइल शाबूत, पण फॉण्ट जुन्या डिस्कबरोबर गेलेला. पुस्तकांची टंकलिखितं, दिवाळी अंकांची पानं, वकिलांचे मसुदे असे डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नसत. नेमका तोच फॉण्ट पुन्हा हाती लागेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसे.

2003 च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ आला आणि नव्याने विंडोज टाकणं हेच धोक्याचं झालं. स्वच्छ एक्सपी टाकून इंटरनेटची वायर जोडली की पॅच उतरवायच्या आत मशीन पुन्हा लागण झालेलं. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी, की मशीन बंद. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जुलैतच दिली होती, पण ती सीडीवरच्या जुन्या एक्सपीत कुठून असणार? पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक 2 मध्ये फायरवॉल आपोआप चालू राहू लागली, तेव्हा कुठे हे थांबलं.

पेनड्राइव्हच्या जमान्यात आणखी एक फसगत व्हायची. सी फॉरमॅट केला, पण डी तसाच ठेवला, कारण सगळं काम तिथेच. डीमध्ये लपलेली ‘ऑटोरन’ची छोटी फाइल कुणाला दिसत नसे. नव्या विंडोजमधून डीवर डबल क्लिक केलं की व्हायरस परत हजर. फोल्डरचं चित्र लावलेली प्रोग्रॅम फाइल हाही त्याच कुळातला प्रकार. 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं आणि ही वाट बरीचशी बुजली.

मग खंडणीखोर आले. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ सुमारे 150 देशांत पसरला. 27 जूनला आलेला ‘नॉटपेट्या’ तर खंडणीचं सोंग घेतलेला विध्वंसकच होता. पैसे भरूनही डेटा सुटण्याची सोय त्यात नव्हती. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला तो मेअर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि उरणजवळच्या जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचं कामकाजही विस्कळित झालं. कंपनीने दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे केले. पण साऱ्या नेटवर्कची ओळख ज्या डोमेन कंट्रोलरांवर होती, ते सगळे पुसले गेले होते. वाचला फक्त घानामधला एक, तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली म्हणून. एवढ्या मोठ्या कंपनीची भिस्त शेवटी एका सुटून राहिलेल्या प्रतीवर होती.

2018 मध्ये ‘लोजॅक्स’ सापडला. तो मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये राहतो, त्यामुळे डिस्क बदलूनही जात नाही. असे हल्ले विरळा, पण डिस्क बदलली म्हणजे सुटलो, ही समजूत त्याने मोडली.

आज एसएसडी बसवून विंडोज टाकायला तासभरही पुरतो. या सोपेपणानेच आपण बेसावध होतो. एसएसडीवरून पुसलेली फाइल जुन्या डिस्कसारखी खणून काढता येत नाही. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर 48 आकडी रिकव्हरी की जवळ हवी. म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम घराघरांत पाळला जावा, असं मला मनापासून वाटतं : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. बॅकअपची डिस्क काम झाल्याबरोबर काढून ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवरही खंडणीखोर कुलूप घालतात. अधूनमधून त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावी, कारण न तपासलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही. आणि ज्यांच्याकडे जुन्या फॉण्टांतलं मराठी लेखन पडून आहे, त्यांनी ते फॉण्ट चालताहेत तोवर युनिकोडमध्ये आणून घ्यावं. हे काम मशीन धडधाकट असतानाच होतं.