पितळ उघडं पडण्याआधी

सिंकखालचा जोड ठिबकायला लागला म्हणून प्लंबरला बोलावलं. त्यानं पट्टीपाना लावून अर्धा फेरा दिला असेल-नसेल, तोच पितळी नट कट्‌कन तुटला आणि दोन तुकडे त्याच्या तळहातावर आले. "काका, पितळ कसलं, खारी बिस्कीट आहे हे," तो म्हणाला. नट बसवून जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. पावती सापडायचा प्रश्नच नव्हता.

तुकडे मी त्याला फेकू दिले नाहीत. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात बाहेरून येणारा पितळी माल तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. तुटका भाग दिसला की तो उजेडात नेऊन भिंगाखाली धरायचा, ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. वरून क्रोमची चकाकी शाबूत होती. पाण्याच्या बाजूला मात्र पिवळं धमक पितळ दिसायला हवं तिथे तांबूस, भुसभुशीत थर होता. नखानं टोकरला तर भुकटी निघाली. दुसऱ्या कडेला केसाएवढी चीर, तीही आतून काळपट-हिरवी, म्हणजे जुनी. नट बऱ्याच आधी गेला होता, आम्हाला त्या सकाळी कळलं इतकंच.

भांड्याची कल्हई उडाली की खालचं पितळ उघडं पडतं, त्यावरून आपण माणसांनाही बोल लावतो. त्या वाक्प्रचारात बिचारं पितळ उगाच गुन्हेगार ठरलं आहे. त्याची खरी खोड वेगळी आहे. लोखंड गंजलं की तांबडं होऊन सगळ्यांना सांगतं. पितळ वर्षानुवर्षं छान दिसत राहतं आणि एक दिवस दगा देतं. ते चार वर्षांनी जे सांगणार आहे ते आज, माल गाडीत चढण्याआधी वदवून घ्यायचं, हाच आमच्या खात्याचा धंदा.

या कामासाठी जामनगरच्या खेपा व्हायच्या. पितळी सुट्या भागांचं देशातलं सर्वांत मोठं केंद्र ते. शंकर टेकरी आणि दरेड या औद्योगिक वसाहतींतून हिंडलं की प्रत्येक शेडमधून लेथचा आवाज येतो. नळाचे भाग, विजेच्या प्लगच्या पिना, सायकलच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह, गॅसच्या शेगडीचे जेट. आपल्या घरात हात लावू तिथे जामनगर निघतं. कच्चा माल मात्र बराचसा भंगार, तोही जगभरातून आलेला. भंगाराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक जातीला सांकेतिक नाव असतं: पिवळ्या पितळाचं भंगार म्हणजे 'हनी', पितळी सळ्यांचा कीस म्हणजे 'नाइट', मोटारींचे जुने रेडिएटर म्हणजे 'ओशन'. मध, रात्र आणि समुद्र. कवीनं हेवा करावा अशी यादी!

माझ्या मते निम्मी गुणवत्ता इथेच, भंगाराच्या ढिगापाशी ठरते. लेथवर चालणाऱ्या पितळासाठी आपल्याकडे आयएस ३१९ हे मानक आहे. त्यातल्या नेहमीच्या प्रकारात तांबं ५६ ते ५९ टक्के, शिसं २ ते साडेतीन टक्के, लोखंड जास्तीत जास्त ०.३५ टक्के आणि बाकीचं जस्त. शिसं पितळात विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात विखरून राहतं. त्यामुळे कापताना कीस रव्यासारखा सुटा पडतो. शिसं नसेल तर लांबच लांब वेटोळी निघतात आणि हत्याराला गुंडाळून बसतात. लोखंडाचं उलट. सिलिकॉनच्या सोबतीला ते आलं की पितळात खड्यासारखे कठीण ठिपके तयार होतात. भाताच्या घासात खडा लागावा तशी हत्याराची धार तिथे उडते.

भट्टीचा स्वतःचा एक घोळ आहे. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सियस लागतात आणि जस्त ९०७ अंशांना उकळायला लागतं. म्हणजे एक जण पातळ होईस्तोवर दुसरा उडून जायच्या तयारीत. मुशीतून पांढरा धूर निघताना दिसतो ते जस्तच. ज्या काळी जस्त वेगळं काढता येत नव्हतं तेव्हा जस्ताचं खनिज आणि तांबं एकत्र तापवून पितळ करत. जस्ताची वाफ खाली उतरवून ते धातुरूपात मिळवण्याची विद्या राजस्थानात झावरला शतकांपूर्वी साधली होती. आजच्या भट्टीवाल्याला एवढंच बघायचं असतं की वितळ जास्त वेळ तापत ठेवली तर जस्त घटतं आणि प्रमाण बिघडतं. म्हणून ओतण्याआधी पळीभर धातू काढून त्याची चकती करतात आणि स्पेक्ट्रोवर ठेवतात. ठिणगी उडते, तिच्या उजेडातून कुठला धातू किती टक्के आहे ते मिनिटाभरात पडद्यावर येतं. एका शेडमध्ये मी चकती मागितली तर मालकांनी खिशातून काढून दिली. ती त्याच वितळीची होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून चकती माझ्यासमोर ओतली जायची.

पुढचं काम लेथचं. नळाच्या अर्ध्या इंची आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, इंचात चौदा आटे, आट्याचा कोन ५५ अंश. 'अर्धा इंच' हे माप त्या भागावर कुठेच मोजता येत नाही. ते जुन्या नळाच्या पोटाचं माप, नाव तेवढं उरलं. आटे तपासायला दोन गेज असतात, 'गो' आणि 'नो-गो'. पहिला हातानं सहज फिरून पूर्ण बसला पाहिजे, दुसरा शिरता कामा नये. नवखा तपासनीस 'गो' बसला की खूश होतो. जुना आधी 'नो-गो' उचलतो.

मापात फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ऊब. पितळ एका अंशाला साधारण दर मीटरमागे २० मायक्रॉन फुगतं. लेथवरून नुकताच उतरलेला, पंचवीस अंश जास्त गरम असलेला ४० मिलिमीटरचा भाग मोजला तर तो ०.०२ मिलिमीटर मोठा भरतो. कारागीर इमानदारीनं माप 'दुरुस्त' करतो आणि दुपारी थंड झालेला माल लहान निघतो. म्हणून मोजमापाचं जागतिक तापमान २० अंश ठरलेलं आहे. भर मे महिन्यात शेडमध्ये ते कुठून आणणार? निदान माल आणि गेज तासभर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, एवढं करता येतं.

नमुने काढण्याबद्दल लोकांचे फार गैरसमज असतात. तीन हजार नगांचा लॉट आला तर सगळे तपासायचे नाहीत. आयएस २५०० चा तक्ता सांगतो, नेहमीच्या पातळीला आणि एक टक्क्याच्या मर्यादेला १२५ काढा. तीन खराब निघाले तर घ्या, चार निघाले तर लॉट परत. चौथा नग सापडला की समोरचा म्हणणारच, "साहेब, एकाच पीससाठी?" मी तक्ता दाखवायचो. तरी तक्त्यावर माझा फारसा जीव नाही. तो लॉट घ्यायचा की नाही एवढंच सांगतो, लॉट बिघडला कसा ते सांगत नाही. त्यासाठी वॉल्टर शूहार्टची रीत बरी. अमेरिकेतल्या टेलिफोन कारखान्याच्या या माणसानं १६ मे १९२४ रोजी साहेबांना एक पानी टिपण दिलं, त्यात नियंत्रण आलेखाची पहिली आकृती होती. अर्ध्या-अर्ध्या तासाला चार-पाच भाग मोजून सरासरीचे ठिपके मांडत जायचं; ठिपके एका बाजूला सरकायला लागले की भाग खराब होण्याआधी हत्यार बदलायचं. १९४७-४८ च्या हिवाळ्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून हेच शूहार्ट भारतात येऊन गेले.

आता ती चीर. तिची गोष्ट घोड्यांपासून सुरू होते. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असत आणि हंगाम संपेपर्यंत कित्येकांना आपोआप तडे जात. गोळी झाडलेली नाही, कुणी ठोकलेलं नाही, तरी तडा. ऋतूत फुटतात म्हणून इंग्रजीत या रोगाचं नावच 'सीझन क्रॅकिंग' पडलं. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं. थंड स्थितीत ठोकून-ओढून घडवलेल्या पितळात ताण कोंडलेला राहतो, आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या कणांच्या सांध्यांत शिरतो. ताण किंवा अमोनिया, दोन्हींतलं एक काढलं की रोग जातो. ताण काढणं सोपं: भाग तासभर अडीचशे-तीनशे अंशांना शेकायचा. भुसावळजवळ वरणगावला आजही काडतुसं बनतात, आणि लष्करी काडतुसाच्या मानेवर कधीकधी जी जांभळट झाक दिसते, ती अशाच शेकण्याची खूण.

शेक नीट बसला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी भाग पाऱ्याच्या क्षारात बुडवत. ताण असेल तर अर्ध्या तासात तडा. आता पाऱ्याच्या विषामुळे बंद भांड्यात अमोनियाच्या वाफेवर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उघडतात. हे भांडं उघडण्याचा क्षण मला नेहमी दहावीच्या निकालासारखा वाटायचा.

आणि तो तांबूस भुसा? पाण्यातल्या क्लोराइडमुळे पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. आकार तोच, ताकद शून्य. त्यावर उपाय म्हणजे तांब्याचं प्रमाण वाढवून त्यात ०.०२ ते ०.१५ टक्के आर्सेनिक टाकायचं. याचीही कसोटी आहे: भाग कापायचा, घासून एक टक्का क्यूप्रिक क्लोराइडच्या द्रावणात ७५ अंशांना २४ तास ठेवायचा आणि जस्त किती आतपर्यंत गेलं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. वर्षांचं काम एका दिवसात. पण अशा पितळाला पैसे जास्त पडतात, आणि क्रोमखाली काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. अमेरिकेनं २०१४ पासून पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या भागांत शिसं सरासरी ०.२५ टक्क्यांवर आणून ठेवलं, तेव्हा तिकडे माल पाठवणाऱ्यांनी शिशाच्या पितळाचा कीस वेगळ्या पिंपात ठेवायची शिस्त बघता बघता लावली. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या आपल्या सोसायटीत नळाच्या पितळाबद्दल असं कुणी विचारत नाही.

प्लंबरनं नवा नट आणला, आटे बसवले, पाना लावला. बसल्यावर वर आणखी पाव फेरा देणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. ठिबकत नव्हतं. तो वैतागला, पण थांबला. मग मी सिंकखाली वाकून पाहिलं. नटाच्या अगदी खाली, अर्धवट झाकण लावलेली, काचा पुसायच्या निळ्या पाण्याची बाटली उभी होती. लेबलावर अमोनिया लिहिलेलं. ती उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली.